चियोनाच्या पोटातला कापूस

पुकाल्पा, ११ मार्च १९९७

कोंपाद्रे मेदार्दो,

खुशालीचं नंतर. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. विल्फ्रेदो म्हणतो ते खरं का?

विल्फ्रेदो म्हणजे आपला तोच, लिमाची बस हाकणारा, खोटं बोलायला लागला की ज्याचा डावा कान लाल होतो. परवा माझ्या टपरीवर पानातला भात खात बसला होता. म्हणाला, "सेन्योरा, रविवारी लिमात तुमच्या मेदार्दोला स्टेजवर बघितलं. पांढरे बूट, पांढरी पँट आणि गिटारही पांढरी." मी म्हटलं, असेल कुणाची उसनी. तर म्हणतो, "छे हो, आपली चियोनाच. होडीवर आपटल्याचा तिच्या कडेला चरा आहे ना, तो रंगाखालून दिसत होता." मी त्याच्या कानाकडे बघत होते. लाल झाला नाही.

पांढरी? चियोना पांढरी?

अहो, लालचुटुक गिटार ती, पिकल्या कामू-कामूच्या फळाच्या रंगाची. तिच्या कडांना माझ्या नवऱ्यानं, अल्सिदेसनं, होडीचा निळा रंग लावलेला. आवाजाच्या बटणाच्या जागी माझ्या आईच्या रेडिओचं बटण. तारांखालची पट्टी माझ्या हिरव्या टबातून कापलेली. तो टब एका बाजूला खिंडार घेऊन अजून माझ्या मोरीत उभा आहे. अल्सिदेसनं एकेक गोष्ट हातानं बसवली होती तिच्यात.

मी त्या गिटारीची धर्ममाता आहे. आपल्याकडे होडीला धर्ममाता असते, पावाच्या भट्टीला असते, रेमिहियोच्या मोडक्या सायकलीलासुद्धा आहे. फादरनी पाणी शिंपडलं, मी बिअर ओतली, आणि त्या दिवसापासून तुम्ही माझे कोंपाद्रे झालात, मी तुमची कोमाद्रे झाले, आणि आपण रीतीप्रमाणे अरे-तुरे सोडून अहो-जाहोवर आलो. त्याआधी तुम्ही माझ्या टपरीवर फुकटची तळलेली केळी चापणारे मेदार्दो होता, आठवतं ना? मग लेकीचा रंग बदलताना धर्ममातेला विचारायचं असतं, हे लिमात जाऊन विसरलात?

जूनमधल्या सान हुआनच्या सणाला अल्सिदेसला जाऊन वर्ष होईल. त्या संध्याकाळी मी काळे कपडे उतरवणार आणि पहिला नाच नाचणार. नाचल्याशिवाय विधवेचा दुखवटा संपत नाही. तो नाच चियोनावर होईल, असा शब्द तुम्ही त्याच्या कबरीपाशी दिला होता. दुसऱ्या कुठल्या गिटारीवर मी पाय उचलणार नाही, आणि काळंही उतरवणार नाही. घालून राहीन मरेपर्यंत. म्हणून विचारते.

उत्तराची वाट बघणारी,
ओर्फेलिना पांदुरो


लिमा, २४ मार्च १९९७

कोमाद्रे ओर्फेलिना,

पत्र मिळालं. बरं झालं, विल्फ्रेदोनं ते हातात कोंबून लगेच बस काढली. नाहीतर त्याचे दोन्ही कान मी लाल केले असते.

हो, गिटार पांढरी आहे. मग? आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव लॉस रेलुसिएंतेस, म्हणजे झळाळणारे. मालक सेन्योर प्रोस्पेरो म्हणतो, नाव झळाळणारे तर सगळंच झळाळलं पाहिजे. ढोल पांढरे, बूट पांढरे, गाणारीचे दातसुद्धा पांढरे करून आणलेत. एकटी चियोनाच लाल-निळी-हिरवी घेऊन मी मध्ये उभा राहू?

इथे काय ऐकून घ्यावं लागतं, तुम्हाला कल्पना नाही. जंगलातून आलेल्या माणसाला हे लोक कासव म्हणतात. पहिल्या तालमीला मी चियोना पेटीतून काढली, तर सगळे पोट धरून हसले. "अरे कासवा, ही गिटार की तुमच्या गावची मोरी?" तुमच्या त्या टबामुळे! कीबोर्डवाला तर वाकून विचारतो, "साबण कुठे ठेवतोस?" मी हसलो, काय करणार? पुकाल्पात महिन्याला एखादं लग्न, तेही पाऊस नसला तर. इथे आठवड्याला तीन-तीन कार्यक्रम. तुम्हाला तिथे टपरीवर बसून बोलायला काय जातंय!

रंग म्हणजे नुसती कातडी. बटण बदललं, पट्टी बदलली, खुंट्या बदलल्या. जुन्या खुंट्या दर दोन गाण्यांनी उतरायच्या, हे तुम्हीही जाणता. आत कुणी हात लावलेला नाही.

आणि एक बोलतो, राग मानू नका. धर्ममाता तुम्ही असाल, पण गिटार माझी आहे. दोन पावसाळे धक्क्यावर मासे उतरवले, तेव्हा ती घरात आली. धर्ममातेनं बिअर ओतावी, दोन घास खावेत आणि घरी जावं. बटणांची चौकशी करत बसू नये.

सान हुआनला येतो. शब्द दिलाय तो पाळीन.

तुमचा कोंपाद्रे,
मेदार्दो तानांता


पुकाल्पा, ६ एप्रिल १९९७

मेदार्दो,

कोंपाद्रे म्हणणार नाही आणि अहो-जाहो तर मुळीच करणार नाही. बिअर ओतून घरी जावं म्हणे! शिंगं फुटली रे तुला! पत्र वाचलं तेव्हा हातात भाताचा डाव होता. समोर गिऱ्हाईक नसतं तर तिथूनच लिमाच्या दिशेनं फेकला असता.

बारशाच्या दिवशी काय झालं ते विसरलास? तू अ‍ॅम्प चालू केलास. अजून तारेला बोटही लावलं नव्हतंस आणि ती किंचाळायला लागली. डुकराला धरल्यावर ओरडतं तशी. फादरनी पाण्याचं भांडं टाकून कानांवर हात घेतले. म्हणून तर तिचं नाव चियोना पडलं, रडवी. स्वस्तातली कोरियन गिटार, अर्धी भरीव अर्धी पोकळ म्हणून दुकानदारानं गळ्यात मारलेली. पण पोकळच जास्त. अंगावर दोन भोकं, स्पीकरचा आवाज त्यातून आत शिरायचा आणि घुमत बसायचा. दुकानदार परत घेईना. आणि तू आमच्या पडवीत बसून रडलास. हो, रडलास! गिटार आणि तू दोघंही.

अल्सिदेस होड्या बांधणारा माणूस. गिटारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण म्हणाला, "होडीत पाणी शिरतं तिथे आम्ही कापूस कोंबतो. इथे आवाज शिरतोय, इथेही कोंबून बघू." तारा सोडल्या, तारांचा आवाज पकडणारे पिकअप उचलले, तारांच्या घोडीखाली आमच्या जुन्या होडीच्या कण्यातला सीडर लाकडाचा तुकडा बसवला. मग अंगणातल्या सावरीचा कापूस, चिमटी चिमटीनं. एकदा जास्त भरला तर आवाजच मेला, बहिऱ्याशी बोलल्यासारखा. सगळा उपसला, पुन्हा भरला. मी समोर बसून बिया निवडत होते. नाकातोंडात कापूस, शिंका देऊन देऊन जीव गेला माझा. उरलेल्या कापसाची त्यानं स्वतःला उशी केली आणि म्हणाला, "ही मेदार्दोच्या गिटारीची जुळी बहीण."

त्यानंतर तिचा जो आवाज लागला, तो ऐकून लिमाचा मालक तुला घेऊन गेला. तुझ्या पांढऱ्या बुटांकडे बघून नाही नेलं.

रंग कातडी म्हणतोस ना? बरं, कातडी सोडली मी. टबही सोडला. पण पोट? अल्सिदेसच्या नावानं सांग, पोटाला हात लावला नाहीस ना? मोठं पत्र नको. एका ओळीचं उत्तर दे.

ओर्फेलिना


लिमा, १२ मे १९९७

कोमाद्रे,

एका ओळीचं उत्तर: लावला.

मी नाही, सेन्योर प्रोस्पेरोच्या मेव्हण्यानं. तो गिटारी रंगवतो. फेब्रुवारीत रंगासाठी दिली, संध्याकाळी आणायला गेलो, तर छाती फुगवून मला सांगतो, "बघ, तुझ्या गिटारीत उंदरांनी केवढं घरटं केलं होतं! तारेच्या आकड्यानं सगळं ओढून काढलं. या कामाचे पैसे नकोत, जा." उंदरांचं घरटं! तोवर केरवाला ते घेऊनही गेला होता. मी त्याची गचांडी धरायला हवी होती. पण सगळे बघत होते, आणि मला पुन्हा कासव व्हायचं नव्हतं. मी "आभारी आहे" म्हणालो. आणि तुम्हाला लिहिलं की आत हात लावलेला नाही. गेला महिनाभर लिहायला बसतो आणि कागद फाडतो.

आता पुढचं ऐका. तालमीत आणि छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमांत, हळू आवाजात, काही कळलं नाही. पण मे दिनाला मोठ्या मैदानात कार्यक्रम होता. माणूस माणसाला चिकटलेला. दुसऱ्या गाण्याला मी पुढे आलो, माझा एकट्याचा भाग, आवाज वाढवला आणि चियोनाला कंठ फुटला. थेट बारशाच्या दिवसासारखा. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं काहीतरी नवीन आहे. मग बाटल्या आल्या. एक ढोलकऱ्याच्या कपाळाला लागली. आणि तो मेव्हणा, तोच, खाली उभा राहून शेजाऱ्याला सांगतो, "कासवांना वाजवता येत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कोमाद्रे. त्यानंच पोट रिकामं केलं आणि मलाच वाजवता येत नाही!

तेव्हापासून काय काय कोंबून बघितलं. स्पंज कोंबला तर आवाज चपटा. वर्तमानपत्र कोंबलं तर आत कुरकुरतं. घरमालकीण एउसेबिया चांगली बाई, तिनं जुनी लोकरी शाल दिली, तर बहिऱ्याशी बोलल्यासारखं झालं. तुम्ही लिहिलं होतं ना, अगदी तस्संच.

अंगणातल्या सावरीचा पिशवीभर कापूस विल्फ्रेदोबरोबर पाठवा. हात जोडतो. नाहीतर सान हुआनला कोणत्या तोंडानं येऊ?

मेदार्दो


पुकाल्पा, २० मे १९९७

मेदार्दो,

तुझं पत्र मी चुलीत घातलं. मग आठवलं, उत्तर द्यायचं राहिलंय.

उंदीर! माझा नवरा उंदीर? त्या मेव्हण्याला म्हणावं, एकदा पुकाल्पाच्या धक्क्यावर उतर. नुसता उतर. इथल्या बायका मासे कसे साफ करतात ते मी त्याला जवळून दाखवीन. आणि तू "आभारी आहे" म्हणालास. आभारी! खोटं बोललास त्याचा मला राग नाही, म्हणजे आहे, पण त्याची पाळी नंतर. आभार मानलेस त्याचा आहे.

आणि वर काय मागतोस, तर सावरीचा कापूस. मे महिन्यात! लिमाचं पाणी इतकं चढलं? सावरीची बोंडं ऑगस्टमध्ये फुटतात हे आपल्याकडचं शेंबडं पोर सांगेल. झाडावर आत्ता एक बोंड नाही. तरी मी बाजारभर हिंडले. हल्ली सगळ्यांच्या उशांत स्पंज. रेमिहियोच्या बायकोकडे एक जुनी गादी होती, तिच्यात मुंग्यांनी अंडी घातलेली.

सोबतच्या गाठोड्यात कापूस आहे. कुठून आणला ते सांगणार नव्हते. पण सांगतेच, कळू दे तुला: त्याची उशी फोडली. जुळी बहीण म्हणायचा ना तिला, तीच. एकाच झाडाचा, एकाच दिवशी उतरवलेला कापूस. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही, त्यामुळे यात चूक केलीस तर पुन्हा मागायला येऊ नकोस.

ठासून भरायचा नाही. चिमटीनं सोडायचा, चमच्याच्या दांडीनं कडेला सारायचा. मानेकडच्या बाजूला मूठभर जागा रिकामी ठेवायची, तिथून आवाज श्वास घेतो, असं तो म्हणायचा. कापसाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आणि त्या मेव्हण्याच्या सावलीतसुद्धा बसायचं नाही.

सुटा कापूस वाटेत उडाला असता म्हणून त्याच्याच अभ्र्यात बांधून पाठवलाय. अभ्रा परत पाठव. लगेच. पोस्टानं नको, विल्फ्रेदोच्या हातात दे.

ओर्फेलिना


लिमा, ३ जून १९९७

कोमाद्रे,

लागला! आवाज लागला!

दार बंद करून बसलो, तुम्ही सांगितलं तसं चिमटी चिमटीनं भरला, मानेकडे मूठभर जागा ठेवली. भरताना कापसाला रानतंबाखूचा वास येत होता. अल्सिदेस खाटेवर बसून विडी ओढतोय आणि "हळू, गाढवा, हळू" म्हणतोय असं वाटलं. तारा चढवल्या, अ‍ॅम्प पूर्ण वाढवला आणि डोळे मिटून थांबलो. ओरडली नाही. एक सूर वाजवला, तोच, जाड आणि ऊबदार. एउसेबिया स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात बसूनच राहिली.

दुसऱ्या दिवशी तालमीला नेली. सेन्योर प्रोस्पेरोनं अर्धं गाणं ऐकलं आणि हात वर केला. म्हणे, "हा आवाज जुनाट आहे. चुलीपाशी ठेवलेल्या रेडिओसारखा. लोकांना झळाळी पाहिजे." मी म्हटलं, सेन्योर, हाच आवाज ऐकून तुम्ही मला आणलंत. तर सगळ्यांसमोर म्हणतो, "कासवाची पाठ कितीही रंगवा, कासव ते कासवच." या वेळी मी हसलो नाही. म्हटलं, "हो, कासवच आहे. आणि तुमचा मेव्हणा गाढव आहे." मग ते पांढरे बूट काढले, त्याच्या टेबलावर, त्याच्या ताटाशेजारी ठेवले आणि लिमाच्या जूनमधल्या हिवाळ्यात अनवाणी घरी आलो. पाय अजून ठणकतायत. पण कोमाद्रे, इतकं बरं मला लिमात आल्यापासून वाटलं नव्हतं.

पुकाल्पाला येतोय, कायमचा. सान हुआनच्या आधी पोचतो. धक्क्यावर मासे उतरवीन, लग्नात वाजवीन, तुम्ही घातलीत तर केळीही खाईन. रंग खरवडायला घेतलाय, खालून लाल डोकावतोय. मी तुम्हाला बिअर ओतून घरी जा म्हणालो, ते शब्द परत घेतो.

अभ्रा सोबत आहे. फार कळकट झाला होता बिचारा, वास मारत होता. असा कसा परत पाठवायचा? एउसेबियानं आपणहून दोन पाण्यांतून काढला, लव्हेंडरच्या साबणानं धुतला, कांजी करून इस्त्री केली. नवा दिसतोय की नाही? रिकामा पाठवू नये म्हणून आत सफरचंदं घातलीत, तिकडे चांगली मिळत नाहीत.

तुमचा, पुन्हा म्हणायची परवानगी असेल तर, कोंपाद्रे,
मेदार्दो


पुकाल्पा, १२ जून १९९७

मेदार्दो,

सफरचंदं मिळाली. अभ्रा मिळाला. पांढराशुभ्र. हात लावला तर बोट कापेल अशी इस्त्री. लव्हेंडर!

तुला कुणी सांगितलं होतं धुवायला? कुणी सांगितलं होतं? मी पत्रात लिहिलं होतं का, की धू? कापसाला पाणी लावू नको म्हटलं, तर अभ्रा दोन पाण्यांतून काढलास!

माझ्या टपरीत जमिनीवर सांडलेला भात उचलून खावा, इतकी मी स्वच्छ बाई. सगळं पुकाल्पा सांगेल. आणि मी तो एक अभ्रा वर्षभर धुतला नव्हता. रोज त्याच्यावर गाल टेकून झोपत होते. त्याची विडी, होडीचं डांबर, डोक्याचं तेल, सगळं होतं त्यात. कापूस तुला दिला तेव्हा मनाशी म्हटलं, ठीक आहे, अभ्रा तर परत येतोय, त्याच्यावर भागेल. विल्फ्रेदोच्या हातातून घेतला आणि त्याच्या देखत नाकाला लावला. काय वास आला सांगू? परक्या बाईच्या कपाटाचा. विल्फ्रेदो म्हणतो, "सेन्योरा, काय झालं?" मी म्हटलं, चालता हो.

तुझी एउसेबिया चांगली बाई असेल. तिला माझे आभार सांग, आणि तिला माझ्या समोर आणू नकोस.

दोन दिवस टपरी उघडली नाही. मग एक सफरचंद कापलं आणि रागारागानं खाल्लं. गोड निघालं. त्याचाही राग आला.

आता नीट वाच, आणि या वेळी लिहिलंय तेवढंच कर, स्वतःचं डोकं चालवू नकोस. रंग खरवडणं थांबव. त्याची धूळ आत जाते. होडीचा निळा डबा शेडमध्ये अर्धा भरलेला आहे, इथे आल्यावर बघू. तिला पुसायची नाही, पॉलिश लावायचं नाही, तुझं ते लिमाचं अत्तर अंगाला फासून तिला जवळ घ्यायचं नाही. दोन्ही भोकांवर कोरडं फडकं बांध आणि पेटी बंद कर. बसच्या टपावर टाकू नकोस, मांडीवर घे. घाटात विल्फ्रेदोनं बस कितीही हिंदकळवली तरी मांडीवर. वाटेत कुणाला दाखवायला म्हणून उघडलीस तर कानाखाली आवाज काढीन.

तो जगात आता तेवढ्या एकाच जागी उरलाय, मेदार्दो. तिच्या पोटात.

सान हुआनला संध्याकाळी लोक जमतील, वाजव वाजव म्हणून ओरडतील. तू वाजवायचं नाहीस. आधी फडकं सोडून चियोना माझ्या मांडीवर द्यायची. मी त्या भोकाला नाक लावणार आहे. मला हवा तेवढा वेळ. कुणी हसलं तर त्याचं मी बघून घेईन. माझं झालं की मीच ती तुझ्या हातात देईन आणि तुला कोंपाद्रे म्हणेन. मग आत जाऊन काळा झगा उतरवून येईन.

मग वाजव.

ओर्फेलिना